पाठविलेल्या पैशाची पोंच

बत्तीस शिराळ्याचें नांव निघालें म्हणजे ऐकणाऱ्याला प्रथम नागपंचमी आठवते. आज त्या गांवाची आठवण मी काढीत आहें ती मात्र अगदीं निराळ्या कारणासाठीं. सह्याद्रीच्या पायथ्याशीं, वारणा व मोरणा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला हा डोंगराळ मुलूख. पूर्वीं तो सातारा जिल्ह्यांत होता. १९४९ मध्यें दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला तेव्हां त्यांत गेला, आणि १९६० मध्यें त्याच जिल्ह्याला सांगली हें नांव मिळालें. जिल्ह्याचें नांव बदलत गेलें, परंतु घराघरांतील एक गोष्ट पुष्कळ वर्षें बदलली नाहीं. घरचा एक कर्ता पुरुष मुंबईस असे; गिरणींत किंवा गोदींत राबे, आणि महिन्याकाठीं गांवीं मनीऑर्डर धाडी.

मनीऑर्डरीची सोय आपल्या देशांत १८८० मध्यें सुरू झाली. तिचा खरा गुण कोणता, असें मला कोणीं विचारलें तर मी वेग सांगणार नाहीं, कारण वेग तिला फारसा नव्हता. तिचा गुण असा कीं, पाठविणारा कोणत्याही क्षणीं अंधारांत राहत नसे. खिडकीवर पैसे भरतांच शिक्का मारलेली, क्रमांक घातलेली पावती हातीं पडे. पुढें गांवीं पोस्टमन पैसे मोजून देई, घेणाऱ्याची सही किंवा आंगठा घेई, आणि तो आंगठा उमटलेला फॉर्माचा तुकडा उलट टपालानें मुंबईच्या खोलीवर येऊन पडे. ही पोंच. आईच्या आंगठ्याचा तो निळा ठसा पाहिला म्हणजे पैसे पोंचले, आणि आई आहे, या दोन्ही गोष्टी एकदम कळत. पोंच वेळेवर आली नाहीं तर पावती घेऊन पुन्हां त्याच खिडकीवर जावयाचें. कारकून कपाळाला आंठ्या घालील, पण क्रमांकावरून चौकशी चालू करील. पावती, पोंच आणि विचारण्याची खिडकी, अशा या तीन गोष्टी होत्या.

श्रोतेहो, आज शिराळ्याच्या घरीं पैसे फोनवरून येतात. यूपीआय ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें २०१६ च्या एप्रिल महिन्यांत सुरू केली. तींत रक्कम डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों पोंचते. आणि कधीं कधीं मध्येंच अडकतेही. एकाच्या खात्यांतून वजा झाली, दुसऱ्याच्या खात्यांत जमा नाहीं, अशी तिची त्रिशंकूसारखी अवस्था होते. यावर रिझर्व्ह बँकेनें २० सप्टेंबर २०१९ रोजीं एक परिपत्रक काढून नियम घालून दिला. एका माणसानें दुसऱ्याला यूपीआयनें पाठविलेली अशी अडकलेली रक्कम फार तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यावयास पाहिजे, आणि त्याहून उशीर झाल्यास ग्राहकाला दिवसामागें १०० रुपये भरपाई मिळावयास पाहिजे. म्हणजे खिडकी डोळ्यांना दिसत नसली तरी ती कोठें तरी आहे, आणि तिच्यामागें जबाबदार असा कोणी तरी बसलेला आहे.

आतां अशा एका व्यवहाराची कल्पना करा, कीं ज्यांत ही खिडकीच नाहीं.

इंग्रजींत ज्याला थोडक्यांत डीफाय म्हणतात तो विकेंद्रित अर्थव्यवहार असा आहे. २०१५ च्या जुलैंत इथेरियम नांवाची एक सार्वजनिक नोंदवही जगभरच्या हजारों संगणकांवर एकाच वेळीं चालूं लागली. तिच्यावर केवळ नोंदीच नव्हे, तर नियमांनीं बांधलेले कार्यक्रमही ठेवतां येतात. अशा कार्यक्रमांपैकीं युनिस्वॉप हा २०१८ पासून एका नाण्याची दुसऱ्या नाण्याशीं अदलाबदल करून देतो. आवे नांवाचा दुसरा तारण ठेवून घेऊन कर्ज देतो. मध्यें पेढी नाहीं, मुनीम नाहीं, व्यवस्थापक नाहीं. या व्यवहारांत कोणीं पडावें असें मी मुळींच सुचवीत नाहीं. अशा आभासी चलनांच्या धोक्यांविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०१३ च्या डिसेंबरांतच लोकांना सावध केलें होतें, आणि तो इशारा आजही विसरण्याजोगा नाहीं. परंतु जे पडावयाचे ते पडलेच आहेत, आणि तालुक्याच्या गांवीं बसून हातांतल्या फोनवरून त्यांत पडावयास कोणतीही आडकाठी नाहीं. तेव्हां विचारण्याची खिडकी जेथें नाहीं तेथें पावतीनें आणि पोंचेनेंच खिडकीचेंही काम केलें पाहिजे, येवढेंच माझें आजचें सांगणें आहे. ॲपमधील व्यवहारांचा इतिहास दाखविणारें पान हें शोभेचें पान नव्हे. या माणसाचें पोस्ट ऑफिस काय तें तेंच आहे.

जमाखर्चाची आपली जुनी पद्धति ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही नोंदवही समजावयास दोन शब्द पुरे आहेत: कीर्द आणि खतावणी. कीर्दींत दिवसाचे सारे व्यवहार घडले त्या क्रमानें एकाखालीं एक उतरतात. मग त्यांतून वेंचून प्रत्येक खातेदाराचें निराळें पान खतावणींत तयार करावें लागतें. ब्लॉकचेन ही एक प्रचंड, उघडी, मागाहून खाडाखोड न करतां येणारी कीर्द आहे. इथेरियमच्या कीर्दींत सुमारें दर १२ सेकंदांनीं एक नवें पान भरतें, आणि त्या पानावर जगांतील कोणाकोणाचे व्यवहार शेजारीं शेजारीं बसलेले असतात. प्रत्येक व्यवहाराला ६४ अक्षरांकांची एक खूण असते. ‘माझ्या पैशाचें काय झालें?’ असें विचारणाऱ्याला कीर्द उत्तर देते खरी, पण तें या ६४ अक्षरांकांच्या भाषेंत. इथरस्कॅनसारखीं संकेतस्थळें ही कीर्द चाळून दाखवितात. परंतु कीर्द चाळतां येणें निराळें आणि आपली खतावणी हातीं असणें निराळें. ती लिहून देणें हें ॲपचें काम आहे, आणि पुष्कळशीं ॲप्स तेंच काम उरकून टाकल्यासारखें करतात.

उरकतात कसें, तें पहा. सही करून व्यवहार पाठविला कीं पडद्यावर एक चक्र फिरूं लागतें आणि त्याखालीं ‘प्रलंबित’ अशा अर्थाचा एक शब्द येतो. या एका शब्दाच्या पोटांत निदान चार निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात. व्यवहारावर सही झाली असेल, पण फोनचें जाळें तुटल्यामुळें तो अजून कोठेंच गेला नसेल. किंवा तो गेला असेल, पण कमी हशील लावल्यामुळें पानावर चढण्याच्या रांगेंत तिष्ठत असेल. या जगांत टपालहंशील ठराविक नसतें, गर्दीप्रमाणें चढतें उतरतें. किंवा तो पानावर चढलाही असेल, पण तें पान अजून पक्कें झालें नसेल. इथेरियमवर पान कायमचें पक्कें व्हावयास सर्वसाधारणपणें १३ मिनिटें लागतात. आणि कधीं असेंही होतें कीं, त्याच्या जागीं दुसराच व्यवहार चढून तो कायमचा बाद झालेला असतो, आणि तरीही चक्र बिचारें फिरतच असतें. पहिल्या अवस्थेंत पुन्हां पाठविणें योग्य. दुसरींत थांबणें किंवा हशील वाढविणें योग्य. तिसरींत कांहींच करूं नये. तिन्हींना एकच शब्द लावल्यामुळें घाबरलेला माणूस तिन्ही वेळीं एकच गोष्ट करतो: तो बटण पुन्हां दाबतो. मग पहिला व्यवहार उशिरां कां होईना पार पडतो, दुसराही पार पडतो, आणि एका देण्यापायीं पैसे दोनदां जातात.

येथें आपल्या हुंडीची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. हुंडी वाटेंत गहाळ झाली तर सावकार दुसरी हुंडी नव्यानें लिहून देत नसे. तो पेठ लिहून देई. पेठ म्हणजे त्याच हुंडीची दुसरी प्रत. मूळ हुंडी पटली नसेल तरच हिचे पैसे द्यावे, अशी तींत अट असे. पेठही हरवली तर परपेठ. हुंडी एक, पेठ दुसरी, परपेठ तिसरी. कागद तीन, परंतु पैसे एकदांच. पैसे दिल्यावर ती हुंडी खोका होई, म्हणजे निकालीं निघालेला कागद. इथेरियमनें हीच युक्ति आंकड्यांत बसविली आहे. प्रत्येक खात्यांतून निघणाऱ्या व्यवहारांना शून्यापासून अनुक्रमांक लागतात, आणि एका अनुक्रमांकाचा एकच व्यवहार कीर्दींत चढूं शकतो. अडकलेला व्यवहार सोडवावयाचा असेल तर त्याच अनुक्रमांकानें, अधिक हशील लावून, तो पुन्हां पाठवावा. ही त्याची पेठ. रद्द करावयाचा असेल तर त्याच अनुक्रमांकानें स्वतःलाच शून्य रक्कम पाठवावी, म्हणजे ती जागा भरून जाते आणि मूळ व्यवहार आपोआप मरतो. सोय मोठी नामी आहे. मात्र या अनुक्रमांकाची दुसरी बाजूही ॲपनें सांगितली पाहिजे: सातवा अडकला असतां आठवा आणि नववा पुढें जात नाहींत. नवव्यावर डोळे लावून बसलेल्याला ‘तुमचा सातवा व्यवहार वाट अडवून बसला आहे’ येवढें एक वाक्य वाचावयास मिळालें, तर त्याचा अर्धा दिवस वांचेल. पुष्कळ ठिकाणीं तें मिळत नाहीं. तेथें हा अनुक्रमांक एखाद्या लाजिरवाण्या गोष्टीसारखा झांकून ठेवलेला असतो.

व्यवहार कीर्दींत चढला म्हणजे तो पार पडला, असेंही समजूं नये. कार्यक्रमानें नियमाप्रमाणें तो नाकारलेला असूं शकतो. उदाहरणार्थ, अदलाबदलीचा भाव मधल्या क्षणांत ठरविलेल्या मर्यादेपलीकडे घसरला तर युनिस्वॉप ती अदलाबदल करीत नाहीं. रक्कम जागच्या जागीं राहते, पण हशील गेलें तें गेलें. नाकारलेल्या व्यवहाराची अशी नोंद कीर्दींत राहते, आणि ती यशस्वी नोंदीच्या शेजारींच बसते. आश्चर्याची गोष्ट अशी कीं, आरंभींच्या दोन वर्षांत इथेरियमच्या पावतींत ‘झाला’ कीं ‘नाकारला’ हें सांगणारा रकानाच नव्हता. तो रकाना २०१७ च्या ऑक्टोबरांत, बायझँटियम या नांवानें झालेल्या सुधारणेंत घालण्यांत आला. त्याआधीं माणसाला हशील किती जळलें यावरून, किंवा शिल्लक मोजून, तर्क करावा लागे. आज तो रकाना आहे. तरी कितीएक ॲप्स ‘असफल’ येवढाच शेरा मारून गप्प बसतात. कां असफल, हशील किती गेलें, मूळ रक्कम शाबूत आहे कीं नाहीं, या तीन प्रश्नांचीं उत्तरें त्याच ओळींत दिलीं पाहिजेत. मनीऑर्डर परत आली तर पोस्टमन ‘घेणारा गांवीं नाहीं’ असा शेरा लिहीत असे. नुसतीच फुली मारीत नसे.

आतां एक अशी गोष्ट सांगतों कीं जी इतिहासाच्या पानावर ‘पूर्ण झाली’ म्हणून दिसते, आणि वास्तविक पूर्ण झालेली नसते. युनिस्वॉपसारख्या ठिकाणीं एखादें नाणें प्रथमच वापरावयाचें म्हणजे बहुधा दोन सह्या कराव्या लागतात. पहिली सही परवानगीची: माझ्या खात्यांतील हें नाणें उचलण्याचा अधिकार मी या कार्यक्रमाला देत आहें. दुसरी सही प्रत्यक्ष अदलाबदलीची. पहिली म्हणजे मुखत्यारपत्र होय, आणि सोयीसाठीं तें बहुधा अमर्याद रकमेचें लिहून घेतलें जातें. अदलाबदल दोन मिनिटांत संपते. मुखत्यारपत्र तें मागें घेईपर्यंत, वर्षानुवर्षें, जिवंत राहतें. पुढें त्या कार्यक्रमांत खोट निघाली, किंवा तें मुखत्यारपत्र मुळांतच एखाद्या ठकाच्या नांवें लिहून दिलेलें असलें, तर कोणतीही नवी सही न घेतां खातें धुऊन नेतां येतें. आपण कोर्टकचेरीचे लोक. दिलेलें मुखत्यारपत्र रद्द केल्यावांचून त्याचा अंमल संपत नाहीं हें खेड्यांतलाही माणूस जाणतो. मग ॲपच्या इतिहासांत त्यापुढें हिरवी खूण करून तें निकालीं निघालेल्या कागदांत कां टाकावें? चालू परवानग्यांचें पान वेगळें पाहिजे, आणि प्रत्येकीपुढें ती मागें घेण्याची सोय पाहिजे.

दोन नोंदवह्यांमधला प्रवास हा याहून नाजूक. मुख्य इथेरियमवर हशील जड पडतें म्हणून तिच्या आधारानें ऑप्टिमिझम, आर्बिट्रम अशा धाकट्या, स्वस्त नोंदवह्या निघाल्या आहेत. त्यांतून मुख्य वहींत अधिकृत मार्गानें रक्कम परत आणावयाची तर साधारण सात दिवस थांबावें लागतें. हा मुद्दाम ठेवलेला आक्षेपाचा काळ आहे. या अवधींत कोणालाही लबाडी उघडकीस आणतां यावी म्हणून. शिवाय सात दिवसांनंतर पैसे आपण होऊन चालत येत नाहींत. मालकानें पुन्हां येऊन, पुन्हां सही करून, ते मागून घ्यावे लागतात. पहिल्या दिवशीं ‘काढणें यशस्वी’ असें दाखविणारें ॲप या माणसाची फसवणूकच करतें, मग त्याचा हेतु कितीही चांगला असो. तेथें लिहिलें पाहिजे तें असें: ‘रक्कम वाटेंत आहे, अमुक तारखेनंतर येऊन सही करा’, आणि त्या तारखेला आठवणही दिली पाहिजे. मुदती हुंडीवर मुदत लिहिलेली असे. ती न लिहितां हुंडी देणाऱ्याला कोणी सावकार म्हटलें नसतें.

पोंचेविषयीं बोलतां बोलतां खोट्या पोंचेविषयींही बोललें पाहिजे, कारण नोंदवही उघडी असल्यामुळें तींत कोणीही, कोणाच्याही खात्यापुढें, क्षुल्लक नोंद करूं शकतो. इथेरियमवरील खात्याचा पत्ता ४० अक्षरांकांचा असतो. तो सबंध कोण वाचतो? ॲप्सही पहिले चार आणि शेवटचे चार दाखवून मधले गाळतात. ठक काय करतो, तर तुम्हीं ज्याला नेहमीं पैसे पाठवितां त्याच्या पत्त्याचें तोंड आणि शेंपूट जुळेल असा पत्ता तयार करतो, आणि त्यावरून तुमच्या खात्याशीं शून्य किंवा नाममात्र रकमेचा व्यवहार करून ठेवतो. आतां तुमच्या इतिहासांत तो पत्ता जुन्या ओळखीच्या माणसासारखा बसला. पुढल्या खेपेस तुम्हीं इतिहासांतून पत्ता उचलतां आणि रक्कम ठकाकडे जाते. २०२४ च्या मे महिन्यांत एका व्यापाऱ्याचीं बिटकॉइनच्या मोलाचीं १,१५५ नाणीं, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें ६ कोटी ८० लाख डॉलर, याच युक्तीनें एका झटक्यांत गेलीं. त्यांतील बहुतेक रक्कम पुढें घासाघीस होऊन परत आली, हें त्याचें दैव. लहान माणसाशीं घासाघीस करावयास कोण येतो? म्हणून शून्य रकमेच्या अनाहूत नोंदी मूळ यादींतून वेगळ्या काढणें, पत्ता संपूर्ण दाखविणें, आणि ज्याला पूर्वीं आपण होऊन पैसे पाठविले तोच आणि तेवढाच ओळखीचा समजणें, या गोष्टी ॲपनें स्वतः केल्या पाहिजेत. ‘ग्राहकानें काळजी घ्यावी’ अशी पाटी लावून भागणार नाहीं.

करासाठींही हा इतिहास लागतो. आपल्याकडे २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के आयकर आहे, आणि त्याच वर्षाच्या १ जुलैपासून हस्तांतरणावर १ टक्का उगमीं कापण्याचा नियम आहे. एक नाणें देऊन दुसरें घेणें हेंही हस्तांतरणच होय. तेव्हां त्या दिवशींचा रुपयांतला भाव त्या ओळीपुढेंच टिपून ठेवलेला असला पाहिजे. वर्षअखेरीस तो शोधीत बसणें म्हणजे गवताच्या गंजींत सुई शोधणें होय.

भाषेचा प्रश्न मला याहून महत्त्वाचा वाटतो. गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली येथें जातीचे दाखले पॉलिगॉन नांवाच्या अशाच एका नोंदवहीवर नोंदविण्याचा उपक्रम राज्य सरकारनें २०२२ मध्यें हातीं घेतला. तेथें दाखला तपासणाऱ्यानें कागदावरच्या चौकोनी खुणेवर फोन धरावयाचा, इतकें सोपें केलें गेलें. ६४ अक्षरांक वाचावयास त्याला कोणीं सांगितलें नाहीं. पैशाच्या ॲप्सनाही हें अशक्य नाहीं. ‘सही झाली’, ‘रांगेंत आहे’, ‘वहींत चढला’, ‘पक्का झाला’, ‘नाकारला’, ‘बदलला’ हे सहा शेरे शिराळ्याच्या बाजारांत कोणालाही कळतील. लांबलचक खूण असावी, पण ती या शेऱ्याच्या मागें, लागेल तेव्हां उघडावयाची, पावतीवरच्या क्रमांकासारखी.

राहतां राहिला एक व्यवहाराचा मुद्दा, आणि तो ॲप्स बांधणाऱ्यांसाठीं आहे. पुष्कळ ठिकाणीं हा इतिहास फोनमध्येंच साठविलेला असतो. फोन पाण्यांत पडला, किंवा मुलानें ॲप काढून टाकलें, कीं खतावणी गेली. कीर्द शाबूत असते. तेव्हां खात्याच्या पत्त्यावरून ती खतावणी केव्हांही नव्यानें उतरून घेतां आली पाहिजे, आणि सही होतांच, चक्र फिरूं लागण्यापूर्वींच, व्यवहाराची खूण तींत टिपली गेली पाहिजे. हें उतरून घेण्याचें काम बहुधा मध्यस्थ संगणक करतात, आणि ते कधीं कधीं कीर्दीच्या मागें पडतात. तशा वेळीं जुनी माहिती ताजी म्हणून दाखविण्यापेक्षां ‘ही खतावणी अमुक पानापर्यंतची आहे, त्यापुढचीं पानें अजून उतरावयाचीं आहेत’ असा शेरा वरच्या कोपऱ्यांत लिहावा. म्हणजे जो व्यवहार यादींत दिसत नाहीं तो झालाच नाहीं असें समजून, माणूस तो दुसऱ्यांदा करणार नाहीं.